हस्ताच्या पावसापासून तुळशीच्या लग्नापर्यंत: बेळगावकडच्या घरगुती फुलबागेची शरदातली कामे

पावसाळाभर कुंड्या आपोआप भिजत होत्या, त्यामुळे पाण्याची नळी भिंतीला गुंडाळून ठेवलेली असते. मग सप्टेंबरच्या शेवटी चार दिवस कडक ऊन पडते, झाडे दुपारी माना टाकतात आणि घरातला प्रत्येक जण येता-जाता तांब्याभर पाणी ओततो. त्यातच २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्र लागते, दुपारनंतर ढग जमून तासाभरात अंगणाचे तळे होते, आणि आठवड्याने शेवंतीची खालची पाने पिवळी पडू लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात शरदातल्या फुलबागेचे जे नुकसान होते ते बहुतेक याच पंधरा-वीस दिवसांत, आणि तेही मुळाशी. हे दिवस नीट निभावले तर घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत देवाला, दाराला आणि केसांत माळायला घरची फुले पुरतात.

आधी आपली माती ओळखा

एकाच जिल्ह्यात इतकी वेगवेगळी माती आहे की शेजारच्या गावचा सल्लाही आपल्या परसात चालेलच असे नाही. खानापूर-जांबोटीकडे आणि बेळगाव शहराच्या बऱ्याच भागात जांभ्याची तांबडी माती. पाणी भराभर मुरते, खतही त्याबरोबर वाहून जाते. पावसाळ्यानंतर या मातीत झाडे फिकट दिसतात ती तहानेने नव्हे, उपाशी असल्याने. वडगाव-शहापूर-येळ्ळूरच्या शिवाराकडे, तसेच निपाणी-चिकोडी-अथणीकडे काळी माती. ती पाणी धरून ठेवते, वरून भेगा पडल्या तरी वीतभर खाली चिखल असतो.

तांबड्या मातीत हस्त ओसरल्यावर वाफ्याच्या दर चौरस मीटरला दोन-अडीच किलो कुजलेले शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड वरच्या चार बोटे मातीत मिसळा आणि वर भाताच्या पिंजराचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन इंच थर पसरा. पाचट बुंध्याला चिकटवू नका, तीन बोटे अंतर सोडा. नाहीतर त्या ओलाव्यात बुंधा सडतो आणि वाळवीलाही आमंत्रण मिळते.

काळ्या मातीत उलट. इथे पहिले काम पाणी काढून देण्याचे. वाफा एक मीटर रुंद, वीतभर उंच, गादीसारखा करा आणि बाजूने चर ठेवा. माती ओली असताना कुदळ मारू नका. मूठभर माती दाबून बघा: लाडू झाला आणि अंगठ्याने ढकलल्यावरही फुटला नाही, तर अजून दोन दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत खणले की जी ढेकळे होतात ती पुढे वीटच होऊन बसतात.

कुंड्यांची पावसाळ्यानंतरची डागडुजी

कुंडी उचलून उलट्या बाजूने बघायची सवय फार कमी जणांना असते. चार महिन्यांच्या पावसात तळाचे भोक मुळांनी, शेवाळाने, गाळाने बुजलेले असते. जाड तार किंवा छत्रीची काडी घालून ते मोकळे करा. खालच्या बशा काढून टाका आणि कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे हस्त-चित्राचा पाऊस कितीही कोसळला तरी पाणी निघून जाईल. मग वरची दोन इंच माती खुरप्याने हलकेच मोकळी करा. शेवाळाची हिरवी पापडी काढून फेका, ती खाली गाडू नका. बारा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि एक लहान मूठ, म्हणजे २५-३० ग्रॅम, निंबोळी पेंड घालून पुन्हा माती सपाट करा. काठापासून दीड इंच रिकामे राहिले पाहिजे. कुंडी काठोकाठ भरली तर पाणी मुळाशी न जाता बाहेरच सांडते.

नवी कुंडी भरायची असेल तर दोन भाग तांबडी माती, एक भाग जुने शेणखत, एक भाग भाताचे तूस किंवा जाड वाळू. शेण ताजे नको. त्याची उष्णता मुळांना लागते आणि हुमणीच्या अळ्याही बरोबर येतात.

आता पाणी. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. टोकाला ओल लागली तर आज पाणी नाही. कोरडे लागले तर बारा इंची कुंडीला लिटर-सव्वा लिटर, तळातून थेंब पडेपर्यंत, एकदाच. रोज वरवर शिंपडल्याने मुळे वरच्याच थरात राहतात आणि नोव्हेंबरच्या कोरड्या वाऱ्यात झाड लगेच सुकते. दुपारी दोनला पाने लोंबत असतील तर लगेच बादली आणू नका. पावसाळ्यातली कोवळी पाने ऑक्टोबरच्या उन्हाला दबतात, एवढेच. संध्याकाळी सहाला पुन्हा बघा. तेव्हाही मान खाली असेल आणि माती कोरडी असेल तर तहान. मान खाली आणि माती ओली, तर मूळ कुजते आहे, आणि तिथे पाणी म्हणजे विष.

झेंडू

दसऱ्याचा झेंडू दसऱ्याला लावून येत नाही. बी पेरल्यापासून रोप लावण्याजोगे व्हायला २५-३० दिवस, आणि तिथून टपोऱ्या जातीला फुलायला ५० ते ६० दिवस लागतात. सण दरवर्षी पुढेमागे होतो, म्हणून कॅलेंडरवर घटस्थापनेची तारीख बघून तीन महिने मागे मोजायचे. हे ज्यांचे हुकले त्यांनी कळ्या आलेली रोपे नर्सरीतून आणावीत. बाजारात कन्नडमध्ये ‘चेंडू हू’ म्हटले की हीच.

आपल्याकडे आधीच झेंडू असेल तर शरदातली सर्वांत फायद्याची युक्ती म्हणजे त्याचे छाट. कळी नसलेला शेंडा चार बोटे, म्हणजे ८-१० सेंटिमीटर, पेराच्या खाली कापा. खालची पाने काढा, वर दोन जोड्या ठेवा. ओल्या वाळूत किंवा वाळू-कोकोपीटच्या मिश्रणात दोन पेरे गाडून सावलीत ठेवा. दहा-बारा दिवसांत मुळे फुटतात. हलकेच ओढल्यावर छाट हाताला अडतो, तेव्हा समजा धरले. आणखी आठवड्याने एक-एक फुटावर लावा. हस्तात केलेले छाट चंपाषष्ठीपर्यंत फुलतात, म्हणजे दसऱ्याची जुनी झाडे थकतात तेव्हा खंडोबाच्या हाराला हा दुसरा हप्ता तयार असतो. बियांपेक्षा याचा आणखी एक फायदा: संकरित झेंडूचे बी धरले तर पुढच्या पिढीत फुले लहान-मोठी, एकेरी, कशीही येतात, छाट मात्र आईसारखाच.

परतीच्या पावसात टपोरे फूल पाणी शोषून जड होते आणि दांडा पेरात मोडतो. म्हणून प्रत्येक झाडाला दीड-दोन फुटांची काठी आत्ताच लावा. सुतळीचा आठाच्या आकड्यासारखा वेढा घाला, घट्ट गाठ नको. ढग दाटले की उमललेली फुले आधी तोडून घ्या. भिजलेले फूल झाडावर ठेवले तर आतून तपकिरी होऊन बुरशी शेजारच्या कळीवर जाते.

शेवंती आणि व्हरांड्यातला दिवा

या हंगामाची राणी शेवंती, आणि तिच्याबद्दलची सर्वांत जास्त तक्रार एकच: झाड कमरेएवढे झाले, कळी मात्र नाही. खत घालून घालून माणूस दमतो. कारण बहुतेक वेळा डोक्यावर लटकत असते.

शेवंती रात्रीची लांबी मोजते. आपल्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा, सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात १२ तासांचा आणि पुढे आणखी लहान. रात्र सलग लांब मिळू लागली की शेंड्यात पानांऐवजी कळीची तयारी सुरू होते. व्हरांड्यातला बल्ब किंवा फाटकासमोरचा रस्त्यावरचा दिवा ही रात्र मध्येच तोडतो. झाडाला वाटते अजून उन्हाळाच चालू आहे. एकाच झाडाची दिव्याकडची बाजू हिरवी आणि अंधारातली बाजू कळ्यांनी भरलेली, असे दिसले की शंका उरत नाही.

उपाय सोपा. कुंडी घराच्या मागच्या अंधाऱ्या बाजूला न्या, पण दिवसा किमान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी. हलवता येत नसेल तर टीव्हीचे रिकामे खोके संध्याकाळी सहाला झाकायचे आणि सकाळी सातला काढायचे, मटारच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसेपर्यंत, साधारण तीन-चार आठवडे. एक दिवस विसरलात तर बिघडत नाही. एक दिवसाआड विसरलात तर मेहनत पाण्यात. कळ्या दिसू लागल्यावर आकाशकंदील लावायला हरकत नाही.

शेंडे खुडणे ऑगस्टअखेर थांबलेले असावे. आत्ता खुडाल तर कळ्याच खुडाल. एका दांड्यावर मोठे फूल हवे असेल तर मधली मुख्य कळी ठेवून बाजूच्या कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या असतानाच नखाने बाजूला वाकवून मोडा, खाली ओढू नका. ओढले की दांड्याची साल सोलते. हारासाठीच्या पिवळ्या गावठी शेवंतीला हा खटाटोप नको, तिचे वैभव झुबक्यातच आहे.

कळी दिसेपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारे खत लिटरला दोन ग्रॅम. त्याऐवजी शेंगदाण्याची पेंड १०० ग्रॅम एक लिटर पाण्यात चार दिवस भिजवून, गाळून, दहापट पाणी घालून दिलीत तरी झाडाची तक्रार नसते, शेजाऱ्यांची असू शकते. कळीला रंग दिसला की खत बंद. पाणी पानांवर नको, बुंध्याशी, सकाळी. खालची पाने काळपट डागांनी वाळत वर चढू लागली तर ती काढून जाळा आणि मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम फवारा.

गुलाबाची छाटणी

पाऊस गेल्याशिवाय कात्री लावायची नाही. ओल्या हवेत कापलेली फांदी वरून काळी पडत खाली वाळत येते आणि महिन्याभरात कलमाच्या गाठीपर्यंत पोहोचते. बेळगाव शहर आणि पूर्वेकडे ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस रेंगाळतो, तिथे नोव्हेंबरचा पहिला आठवडा बरा. छाटल्यापासून साधारण ४५ दिवसांनी फुले येतात.

आठवडाभर आधी पाणी कमी करा. कात्रीचे पाते स्पिरिटने पुसून घ्या. पहिल्यांदा वाळलेल्या, काळ्या पडलेल्या आणि पेन्सिलीहून बारीक काड्या मुळापासून काढा. कलमाच्या गाठीखालून आलेला फुटवा तर निर्दयपणे, कारण तो गुलाब तुमचा नव्हे, खालच्या जंगली खुंटाचा आहे, आणि सगळे खत तोच खातो. मग चार-पाच दमदार फांद्या ठेवून त्या दीड ते दोन फुटांवर कापा. काप बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या, म्हणजे फुटवा येतो त्या कोंबाच्या, वर अर्धा सेंटिमीटर, डोळ्याच्या उलट बाजूला उतरता. फार वर कापलात तर खुंटी वाळते. फार जवळ कापलात तर डोळाच वाळतो. गावठी गुलाबाला एवढी कठोर छाटणी मानवत नाही. त्याचे शेंडे आणि वाळकी काडी काढली की पुरे.

कापांना बोर्डो पेस्ट लावा. घरापुरती १०० मिली पुरते: १० ग्रॅम मोरचूद ५० मिली पाण्यात प्लास्टिकच्या डब्यात रात्रभर विरघळवा, १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५० मिलीत विझवा, गार झाल्यावर दोन्ही एकत्र ढवळा. स्वच्छ लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस लेप चढला तर मोरचूद मोकळे आहे, साल भाजेल. चिमूट-चिमूट चुना वाढवा. पात्याला रंग आला नाही की ब्रशने लावा. ही पेस्ट त्याच दिवशी संपवायची, उद्याला उपयोग नाही. लोखंडाच्या डब्यात मात्र कधीच करू नका.

छाटलेल्या गुलाबाला पाणी निम्म्यावर आणा. पानेच नाहीत तर तो पिणार किती! फुटवे दोन बोटे झाले की खत सुरू करा. जुन्या पद्धतीत मुळे चार दिवस उघडी पाडतात. ते जमिनीतल्या जुन्या झाडांना ठीक, कुंडीतल्याला करू नका.

बी पेरणी

चित्रा नक्षत्रात, म्हणजे १० ऑक्टोबरनंतर, ॲस्टर, पिटुनिया, फ्लॉक्स, डायँथस यांचे बी टाका. ही पौष-माघातली फुले. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग वाळू, ट्रे दोन-अडीच इंच खोल. ॲस्टरचे बी बोटाच्या नखाच्या जाडीएवढे झाका. पिटुनियाचे बी धुळीसारखे असते. ते चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून वरच भुरभुरा, झाकू नका. उगवेपर्यंत ओला वर्तमानपत्राचा कागद, उगवले की त्याच दिवशी काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोपे दोऱ्यासारखी लांबतात.

रात्रीत रोपे जमिनीलगत करपून आडवी पडतात, ती दाट पेरणीने आणि झारीच्या पाण्याने. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्या, आणि पेरणीच्या वेळी लिटरला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीचे पाणी द्या. चार-सहा पानांवर, संध्याकाळी, रोप पानाला धरून उचला. दांड्याला धरून चेपलेत तर ते गेले. झिनियाला हे लाड नकोत. तो थेट वाफ्यात टाका, दोन महिन्यांत फुलेल आणि फुलपाखरेही त्याच्यावरच जास्त बसतात.

डेलियाला बेळगावची थंड हवा मानवते. कंद आत्ता लावा आणि काठी कंदाबरोबरच रोवा, नंतर रोवाल तर कंदातूनच जाईल.

बाकीची मंडळी

अबोलीची पाने लहान, पिवळी होऊन झाड खुरटले तर उपटून मुळे बघा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांतले बारीक कृमी. त्या जागी वर्षभर अबोली नको, झेंडू लावा, आणि नव्या खड्ड्यात ५० ग्रॅम निंबोळी पेंड घाला. पारिजातकाला फुले असताना कात्री लावू नका. सोनटक्क्याचे फुलून गेलेले दांडे जमिनीलगत कापा, कंदाला नवा फुटवा येतो. तेरड्याची बोंडे हात लागताच फुटतात. बी हवे तर बोंडावर मलमलची पिशवी बांधा.

जास्वंदीवर कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले की आधी मुंग्या कुठून येतात ते बघा, त्याच त्यांना फांद्यांवर नेतात. जुन्या टूथब्रशने घासून काढा, मग निंबोळी तेल पाच मिली आणि पातळ साबणाचे चार थेंब लिटरभर कोमट पाण्यात मिसळून संध्याकाळी पानांच्या पाठीवर फवारा. झिनियाच्या पानांवरच्या पांढऱ्या भुरीला विद्राव्य गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण तेल फवारल्यानंतर दोन आठवडे गंधक नाही, पाने भाजतात. निपाणीकडे तंबाखूचे पाणी फवारायची चाल आहे. ते फवारणाऱ्याच्या कातडीतून अंगात भिनते, मधमाश्यांनाही मारते, आणि तंबाखू हाताळलेल्या हातांनी पिटुनियाला विषाणू लागतो. तंबाखू मळून झाली असेल तर साबणाने हात धुऊनच रोपांना हात लावा.

फुले तोडणे, माळणे, बसणे

झेंडू आणि शेवंती दव वाळल्यावर, साधारण आठ-नऊला तोडा. ओली फुले परडीत दाबून ठेवलीत तर दुपारपर्यंत तापून काळवंडतात. खंडेनवमीच्या हारासाठी आदल्या दिवशी तोडायची असतील तर न धुता कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. अबोली एक दिवसाआड पहाटे, देठासकट. वळेसर केळीच्या सोपाच्या ओल्या दोऱ्याने गुंफला आणि मध्ये मरव्याची काडी घातली की दुसऱ्या दिवशीही ताजा. बाजारात हाच गजरा मोळावर मिळतो, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मोळ, म्हणजे घरी किती वाचले याचा हिशेब आपोआप होतो. पारिजातकाखाली रात्री जुनी धुतलेली साडी अंथरा आणि सकाळी सातच्या आत गोळा करा. ऊन चढले की ती मलूल.

बसायची जागा ठरवताना दुपारचा विचार सोडून द्या. या ऋतूत बाग पाहायच्या वेळा दोनच, सकाळी उन्हे तिरपी असताना आणि दिवेलागणीला. म्हणून निशिगंधाच्या कुंड्या आणि चार-पाचला उमलणारी गुलबक्षी दाराच्या वाऱ्याच्या बाजूला ठेवा. रातराणी दारापासून दहा-बारा फूट लांबच बरी, जवळ असली तर डोके धरते. पाडव्याला शेणाचे पांडव मांडून त्यांवर खोवायला बारीक झेंडू लागतो; त्याची दोन झाडे फुले न तोडता त्या दिवसासाठी राखून ठेवा.

सणांनंतरच्या निर्माल्यातून दोरे, जर, प्लास्टिक काढून फुले तुकडे करून भोके पाडलेल्या बादलीत भरा. दर चार बोटे फुलांवर दोन बोटे कोरडी पाने आणि मूठभर जुने शेणखत, आठवड्यातून एकदा उलथापालथ. दीड-दोन महिन्यांत खत तयार होते.

तुळशीचे लग्न लागले की मोगऱ्याचे पाणी कमी करत आणा आणि जानेवारीत छाटणी होईपर्यंत त्याला झोपू द्या. शेवंती फुलून गेली की दांडे वीतभर ठेवून कापा. बुंध्याशी जे फुटवे येतील त्यांतले जाडजूड मुळासकट वेगळे करून सावलीत जपा, जूनमध्ये त्यांचीच नवी झाडे होतील. कुंडीवर रंगाची चिठ्ठी मात्र आत्ताच, फूल असताना लावा. फुलाशिवाय पिवळी कोणती नि पांढरी कोणती हे पानावरून ओळखता येत नाही.